मुंबई-पुणे पंधरा मिनिटांत? थांबा जरा

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो व्हिडिओ तिसऱ्यांदा आला. पांढरंशुभ्र, सहा-आठ पंख्यांचं काहीतरी एका इमारतीच्या गच्चीवरून अलगद वर उठतं, खाली एक्स्प्रेसवेवर गाड्यांची रांग लागलेली, आणि मजकूर असा: मुंबई-पुणे १५ मिनिटांत, पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा. खाली चाळीस अंगठे आणि सात तिरंगे. मी फक्त एवढंच लिहिलं की हा व्हिडिओ कॉम्प्युटरवर केलेला दिसतोय. लगेच उत्तर आलं, "काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीत निगेटिव्हच का असता?"

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी पंधरा मिनिटांचा हिशोब. मुंबई-पुणे सरळ रेषेत धरलं तरी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पंधरा मिनिटांत जायचं म्हणजे ताशी पाचशेचा वेग. जगात आज ज्या एअर टॅक्सीची सगळ्यात जास्त चर्चा आहे, त्या जॉबी कंपनीच्या यंत्राचा कमाल वेग ताशी सव्वातीनशेच्या आत आहे. म्हणजे व्हिडिओ पहिल्याच ओळीत आपटला. आणि विजेवर मुंबई-पुणे जायचं कौतुक असेल तर ते आपण १ जून १९३० पासून करतोय हो, तिला डेक्कन क्वीन म्हणतात.

आता मी निगेटिव्ह का नाही ते सांगतो. मी एकतीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टवर काम केलंय. लोक आज ईव्ही ईव्ही करतात, आम्ही ते तेव्हापासून करतोय. फोर्कलिफ्टमध्ये एक गंमत असते. पुढे दोन टनांचा माल उचलायचा तर मागे तेवढं वजन लागतं, नाहीतर गाडी तोंडावर पडेल. त्यामुळे टनभर वजनाची बॅटरी आम्हाला कधीच ओझं वाटली नाही, उलट फुकटात काउंटरवेट मिळायचं. विमानाचं नेमकं उलटं आहे. तिथे प्रत्येक किलोशी भांडण. विजेच्या विमानाची सगळी कहाणी या एका किलोत आहे, बाकी मोटर, कंट्रोलर वगैरे प्रश्न बऱ्यापैकी सुटलेले आहेत.

आकडे बघा. विमानाच्या इंधनाच्या एका किलोत साधारण १२ युनिट ऊर्जा असते. आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीचा एक किलो, त्याची पेटी, थंड ठेवायची व्यवस्था, वायरी हे सगळं धरून, जेमतेम ०.२ युनिट देतो. साठ पटींचा फरक. बरं, जेट इंजिन त्या बारातलं जेमतेम पस्तीस-चाळीस टक्केच कामाला लावतं, मोटर खूप जास्त लावते, म्हणून फरक थोडा कमी होतो. तरी मुंबई-दिल्लीचं गणित मांडून बघू. ए-३२० निओसारखं विमान या फेरीत ढोबळमानाने पाच टन इंधन जाळतं. तेवढंच काम विजेवर करायचं तर सत्तावीस हजार युनिटच्या आसपास वीज लागेल. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराला ही अकरा वर्षं पुरेल. आणि तेवढी वीज भरून न्यायची तर बॅटरीचं वजन होतं सव्वाशे टनांच्या वर.

त्या विमानाचं, माणसं सामान इंधन सगळं धरून, कमाल उड्डाण वजन आहे ७९ टन.

पुन्हा, इंधन जळत जातं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढंच. जेवढ्या वजनानं उडालात तेवढ्याच वजनानं उतरायचं. आणि हवाई नियमांप्रमाणे राखीव साठा ठेवावा लागतो, समजा उतरायच्या ठिकाणी धुकं आलं तर दुसरीकडे जाता आलं पाहिजे. तासभर उडू शकणाऱ्या छोट्या विजेच्या विमानाला अर्ध्या तासाचा राखीव साठा ठेवायचा म्हटलं की खिशातले अर्धे पैसे घरीच ठेवून बाजारात गेल्यासारखं होतं.

तर आज कुणी तुम्हाला सांगितलं की दहा वर्षांत मुंबई-दिल्ली बॅटरीवर, तर त्याला नम्रपणे वजनकाटा दाखवा.

गेल्या काही वर्षांत या धंद्यात जे झालं ते मराठी वर्तमानपत्रांत तुकड्या-तुकड्यांत आलं, एकत्र कुणी मांडलं नाही. अमेरिकेत एव्हिएशन नावाच्या कंपनीनं नऊ प्रवाशांचं 'अ‍ॅलिस' बनवलं. दिसायला इतकं देखणं की बघत राहावं. २७ सप्टेंबर २०२२ ला ते उडालं, आठ मिनिटं. टाळ्या पडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं बहुतेक लोकांना घरी पाठवून काम थांबवलं. जर्मनीची लिलियम, जिने अब्जावधी रुपये उभे केले, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. जर्मन सरकारनं हमी द्यायला नकार दिला होता. तिच्या यंत्रात तीस छोटे छोटे पंखे होते. ज्यानं कधी कूलरचा पंखा बदललाय त्याला कळेल, छोट्या पंख्यानं तेवढाच जोर काढायचा तर हवा फार वेगानं ढकलावी लागते आणि वीज बदाबदा जाते. हेलिकॉप्टरचं पातं एवढं लांब उगाच नसतं. जर्मनीचीच व्होलोकॉप्टर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लोकांना फिरवणार होती. प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, शेवटच्या दिवशी व्हर्सायला प्रवासी न घेता एक चक्कर मारली, आणि डिसेंबरात दिवाळखोरी.

हायड्रोजनचंही तसंच. एअरबसनं २०२० मध्ये थाटात सांगितलं, २०३५ ला हायड्रोजनचं प्रवासी विमान. २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं, जमणार नाही, पुढे ढकलतोय. हायड्रोजन वजनाला फार हलका, पण उणे २५३ अंशांवर द्रव करून ठेवला तरी रॉकेलच्या चौपट जागा खातो. टाक्या पंखांत मावत नाहीत, मग त्या ठेवायच्या कुठे? प्रवाशांच्या जागी. रशियानं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघानं, १९८८ मध्येच द्रव हायड्रोजनवर टुपोलेव्ह-१५५ उडवून दाखवलं होतं. उडवता येतं हा मुद्दाच नव्हता कधी.

एक गोष्ट मात्र मला चटका लावून गेली. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये झीरोअ‍ॅव्हिया कंपनीनं एक एकोणीस आसनी विमान हायड्रोजनवर दहा मिनिटं उडवलं. म्हणजे डाव्या बाजूला हायड्रोजन आणि बॅटरीवरची मोटर, उजव्या बाजूला आपलं नेहमीचं इंजिन, घसरलो तर पडू नये म्हणून. विमान कुठलं? डॉर्नियर २२८. हे विमान आज आपली एचएएल कानपूरला बनवते. अलायन्स एअरनं एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगड-पासीघाट उड्डाण त्याच विमानानं सुरू केलं. कारखाना आपल्याकडे, डोंगराळ भागातल्या छोट्या धावपट्ट्या आपल्याकडे, आणि त्यावर प्रयोग करायची अक्कल मात्र इंग्लंडमधल्या एका स्टार्टअपला सुचली. निगेटिव्ह म्हणायचं तर इथे म्हणा मला.

आता चांगलं काय झालं ते. कारण झालंय, आणि बरंच झालंय.

स्लोव्हेनिया नावाचा देश आहे, लोकसंख्या वीस-एकवीस लाख, म्हणजे पुणे शहरापेक्षा कमी. तिथल्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या 'वेलिस इलेक्ट्रो' या दोन आसनी विमानाला जून २०२० मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं प्रमाणपत्र दिलं. पूर्ण विजेवर चालणाऱ्या विमानाला मिळालेलं हे जगातलं पहिलं प्रमाणपत्र. एकूण वजन ६०० किलो, त्यात माणसांसाठी शिल्लक १७२. दोन धट्टेकट्टे पुणेकर बसले की संपलं, डबासुद्धा नेता यायचा नाही. उडतं पन्नास मिनिटं. ऐकायला काहीच नाही ना? हा आकडा लक्षात ठेवा, मी परत येतो त्याच्याकडे.

अमेरिकेत बीटा टेक्नॉलॉजीज या कंपनीनं घाई केली नाही. उभ्यानं वर उठायचं स्वप्न बाजूला ठेवून आधी साधं, धावपट्टीवरून धावत उडणारं विमान घेतलं. जून २०२५ मध्ये ते वैमानिक आणि चार प्रवासी घेऊन न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरलं, सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, पस्तीस मिनिटं. कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की चार्जिंगचा खर्च आठ डॉलर. आपले सातशे रुपये. यात वैमानिकाचा पगार, बॅटरीची झीज, विमानाचा हप्ता काही धरलेलं नाही, मालकानं सांगितलेला आकडा आहे, चिमूटभर मीठ टाकूनच घ्या. पण तेच अंतर हेलिकॉप्टरनं जायला इंधन किती लागतं याची कल्पना असलेला माणूस मीठ टाकूनही दचकेल.

आणि नॉर्वे. या देशाचं मला कौतुक आहे ते एका अपघातामुळे. तिथल्या विमानतळ प्राधिकरणानं २०१८ मध्ये ठरवलं की २०४० पर्यंत देशांतर्गत छोटी उड्डाणं विजेवर न्यायची. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या प्राधिकरणाचे प्रमुख स्वतः विजेचं छोटं विमान चालवत होते, शेजारी सरकारातल्या एक राज्यमंत्री. हवेत शक्ती गेली आणि विमान तळ्यात उतरलं. दोघेही सुखरूप. आपल्याकडे काय झालं असतं? आधी चौकशी समिती, मग फाइल बंद, मग त्या खात्यात पुढची वीस वर्षं 'इलेक्ट्रिक' हा शब्द उच्चारायची बंदी. त्यांनी काम चालू ठेवलं. २०२५ मध्ये बीटाचंच विमान स्टाव्हँगर ते बर्गन असं एकशेसाठ किलोमीटर माल वाहून नेण्याच्या चाचण्या करत होतं. तिथे फियोर्ड आहेत, मधे समुद्र घुसलेला, रस्त्यानं जायचं तर वळसे नि फेरी बोटी. छोट्या धावपट्ट्या भरपूर. आणि वीज जवळजवळ सगळी पाण्यापासून. गरज, अंतर, वीज, तिन्ही जुळलं.

आपल्याकडे हे तिन्ही कुठे जुळतं? मला विचाराल तर एकाच ठिकाणी आज जुळतं, आणि त्याबद्दल कुणी व्हिडिओ करत नाही, कारण ते दिसायला भारी नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी विदर्भात एका फ्लाइंग स्कूलमध्ये वैमानिक व्हायला शिकतेय. बहिणीनं आणि मेव्हण्यांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलंय, आकडा अर्ध्या कोटीच्या वरचा आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं. तिच्याकडून मला कळलं की सुरुवातीचे कित्येक तास म्हणजे नुसती सर्किट. धावपट्टीवरून उडायचं, डावीकडे वळून विमानतळाला एक फेरी मारायची, उतरायचं, चाकं टेकली की परत उडायचं. चाळीस-पन्नास मिनिटं हे चालतं, मग खाली येऊन सर चुका सांगतात. विमानतळ नजरेआड होत नाही.

पन्नास मिनिटं. आठवला आकडा?

बॅटरीचे जेवढे म्हणून दोष मी वर सांगितले, ते या कामात जवळजवळ दिसेनासे होतात. लांब जायचं नाही. त्याच जागी परत यायचं आहे, म्हणजे चार्जर एकाच ठिकाणी लावून भागतं. सर चुका सांगतायत तोवर चार्जिंग. आवाज कमी, म्हणजे आजूबाजूच्या गावांना दिवसभर डोक्यावर भुंगा नाही. शिवाय या शाळांतली बरीचशी पिस्टन विमानं ज्या पेट्रोलवर उडतात त्या अ‍ॅवगॅसमध्ये आजही शिसं असतं. रस्त्यावरच्या पेट्रोलमधलं शिसं आपण देशभरातून २००० साली काढून टाकलं. पोरं शिकतात त्या विमानांतलं राहिलं. काही नवी विमानं जेट इंधनावर चालतात, त्यांची गोष्ट वेगळी, पण शिसाचं पेट्रोल अजून गेलेलं नाही. २०२२ पर्यंत तर ते आपण बाहेरून आणत होतो.

"पण काका, वीज कोळशाचीच ना?" हा प्रश्न येणार, आणि रास्त आहे. देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशातून येते. 'शून्य उत्सर्जन' हे विमानाच्या शेपटीपुरतं खरं, धूर चंद्रपूर नि कोराडीच्या लोकांच्या वाट्याला. चंद्रपूरला उन्हाळ्यात चार दिवस राहून बघा म्हणजे स्वच्छ वाहतूक हा शब्द जपून वापराल. तरीही हिशोब करू. जुनं दोन आसनी सेसना तासाला वीस-बावीस लिटर पेट्रोल पितं, म्हणजे पंचेचाळीस ते पन्नास किलो कार्बन डायऑक्साइड. विजेचं दोन आसनी तासाला पंचवीस-तीस युनिट घेतं, आपल्या ग्रिडच्या हिशोबानं वीसेक किलो. कोळसा धरूनही निम्म्याच्या आत. आणि शाळेच्या हँगरवर सोलर पॅनल टाकले तर आणखी खाली, कारण पोरं दिवसाच उडतात. विदर्भात ऊन हा एकच माल फुकट आणि मुबलक.

ऊन म्हटलं की दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बॅटरीला उकाडा सहन होत नाही. सोलर इम्पल्स हे सौरऊर्जेवरचं विमान आठवतंय? मार्च २०१५ मध्ये अहमदाबाद आणि वाराणसीला येऊन गेलं होतं. पुढे जपानहून हवाईला जाताना सलग ११७ तास उडालं, विक्रम केला, आणि बॅटऱ्या इतक्या तापल्या की त्यानंतर महिनोन्‌महिने हवाईतच अडकून पडलं. पॅसिफिकवर ही गत, तर मे महिन्यात गोंदिया-अमरावतीला ४५ अंशांत काय होईल? त्यामुळे युरोपात चाललेलं विमान उचलून इथे आणलं आणि चाललं, असं होणार नाही. इथल्या उन्हात, इथल्या धुळीत, दोन उन्हाळे चाचणी झाली पाहिजे. एक फायदा मात्र आहे: तापलेली हवा विरळ होते तसं पिस्टन इंजिन दमतं, मोटर दमत नाही, तिला हवा जाळायचीच नसते. पंख आणि पंखा मात्र त्याच विरळ हवेत काम करणार, तेवढा तोटा राहतोच.

हे काम कुणी करत नाहीये असंही नाही. बेंगळुरूच्या एनएएल या सरकारी प्रयोगशाळेचं 'हंसा' हे दोन आसनी विमान आहे, तिचीच विजेवरची आवृत्ती 'ई-हंसा' करायचं केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केलं. किंमत दोन कोटींच्या आसपास, बाहेरून आणायच्या विमानाच्या साधारण निम्मी. एअर इंडिया आणि इंडिगो यांनी २०२३ या एका वर्षात मिळून ९७० विमानं मागवली. ती चालवायला हजारो पोरं-पोरी लागणार, त्या प्रत्येकाचे पहिले तास कुठल्यातरी छोट्या विमानात जाणार. अमरावतीला एअर इंडियाचीच मोठी अकादमी उभी राहतेय. गोंदियाला आधीपासून शाळा आहे. म्हणजे गिऱ्हाईक महाराष्ट्रात, ऊन महाराष्ट्रात, बॅटरी-मोटर कळणारे कामगार चाकण-भोसरीत. राज्य सरकारनं अशी पन्नास विमानं घ्यायची हमी दिली, म्हणजे तयार झाली, प्रमाणपत्र मिळालं, की घेऊ असं लिहून दिलं, तर त्या प्रयोगशाळेतल्या लोकांना बळ येईल. विजेच्या विमानावरचे किती तास परवान्यासाठी धरायचे हे डीजीसीएनं पोरांना सरळ शब्दांत सांगितलं पाहिजे, कारण कर्ज काढून शिकणारी पोर प्रयोगासाठी स्वतःचे तास वाया घालवणार नाही.

भाचीला मी हे सगळं फोनवर उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, विमान कशावर उडतं त्याचं मला काही नाही. तासाचा रेट कमी होणार का, ते सांग." मी गप्प. इंधन स्वस्त होईल हे नक्की, पण बॅटरी ठरावीक तासांनी बदलावी लागते आणि ती महाग. रेट कमी होईल असं मी तिला छातीठोक सांगू शकलो नाही. इथेही सांगत नाही.

आता त्या व्हिडिओतल्या एअर टॅक्सीबद्दल. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं होतं की अमेरिकेची आर्चर आणि इंडिगोच्या मालकांपैकी एक असलेली इंटरग्लोब मिळून दिल्लीत कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत नेणार, २०२६ पासून, दोनशे यंत्रं. हे लिहितोय तोवर त्या यंत्राला त्याच्या स्वतःच्या देशात प्रवासी नेण्याचं प्रमाणपत्र मिळालेलं नाही. चेन्नईला आयआयटीतून निघालेली ईप्लेन कंपनी आहे, बेंगळुरूला सरला एव्हिएशन आहे, १९३६ मध्ये साडी नेसून विमान चालवणाऱ्या सरला ठकराल यांच्या नावाची. पोरं हुशार आहेत, त्यांनी करावंच. अवयव न्यायला, पुरात अडकलेल्याला काढायला असं यंत्र मिळालं तर मी पहिला टाळ्या वाजवीन.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. एका यंत्रात चार माणसं. सकाळच्या एका लोकलमध्ये काही हजार. उद्या कुणीतरी नगरविकासाच्या आराखड्यात 'व्हर्टिपोर्ट' म्हणून मोक्याची सरकारी जमीन आरक्षित करायला लागेल, हरित वाहतुकीच्या नावाखाली सवलत मागेल, आणि आपण तिरंगे टाकत बसू. ज्याला बीकेसीहून वीस मिनिटं वाचवायचीत त्यानं स्वतःच्या पैशानं खुशाल वाचवावी. सार्वजनिक पैसा आणि जागा मागायला आला तर आधी ठाण्याच्या फलाटावर सकाळी साडेआठला उभं करा.

आणि ती ९७० विमानं? ती पुढची पंचवीस वर्षं रॉकेलच्या सख्ख्या भावावरच उडणार. म्हणून सध्या सगळ्यांचा डोळा 'सॅफ'वर आहे, शाश्वत विमान इंधन. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशियाच्या विमानात आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं इंडियन ऑइलबरोबर केलेलं असं इंधन थोडं मिसळलं होतं. पुणेकर म्हणून मला आनंद झाला, का होऊ नये? सरकारचं लक्ष्य आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २, २०३० ला ५. पानिपतला वापरलेल्या खाद्यतेलापासून वर्षाला ३५ हजार टन करायचं ठरलंय. देशात विमानाचं इंधन लागतं ऐंशी-नव्वद लाख टन. भजी तळलेलं तेल गोळा करून अर्धा टक्काही भरत नाही.

मग उरलेलं कशापासून? मद्यार्कापासून. मद्यार्क कशापासून? महाराष्ट्रात याचं उत्तर पहिलीतलं पोर देईल. राज्यातल्या लागवडीच्या जेमतेम चार टक्के जमिनीवर ऊस आणि सिंचनाच्या पाण्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा त्याचा, हे कृषी मूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, विसरलो का आपण? डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी झाला तर केंद्रानं रसापासून इथेनॉल करण्यावर एका फटक्यात निर्बंध आणले. कारखान्यांनी यंत्रं बसवून ठेवली होती, कर्जं काढली होती. आधी साखर, मग गाडीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल, आता विमान. एकाच उसाला तीन गिऱ्हाइकं, आणि विहीर तीच. उसाच्या चिपाडापासून, भाताच्या पेंढ्यापासून इंधन करता येतं, प्राजसारख्या कंपन्यांना ते तंत्र येतं, तिथे पैसा घाला. पण 'हरित विमान' म्हणून मराठवाड्यात उसाखालचं क्षेत्र आणखी वाढवणार असाल तर तुमचं विमान हरित नाही, लातूरच्या हंड्यातलं पाणी आहे ते.

स्वतःबद्दलही लिहितो, नाहीतर कुणीतरी विचारेलच. माझा मुलगा जर्मनीत आहे. दोन वर्षांतून एकदा आम्ही दोघं जातो. माझ्या एका जाण्या-येण्याचा धूर टनाच्या वर जातो. सरासरी भारतीय माणसाचा वर्षभराचा, खाणंपिणं, वीज, प्रवास सगळं धरून, दोन टनांच्या आसपास आहे. आणि या देशातल्या बहुसंख्य लोकांनी विमानात पाय ठेवलेला नाही. नात तिकडे आहे, मी जाणार. त्यासाठी बॅटरीचं विमान माझ्या हयातीत येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पण पुणे-मुंबई, पुणे-कोल्हापूर, मुंबई-रत्नागिरी हे मी रेल्वेनं करतो. कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे. तिथे अजून एकेरी मार्गावर गाड्या एकमेकींना वाट देत ताटकळतात. दुसरा रूळ टाका म्हटलं की पैसे नसतात.

ग्रुपवर तो व्हिडिओ चौथ्यांदा आला की मी ही लिंक टाकणार आहे. आकड्यात कुठे चुकलो असेन तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करीन. फ्लाइंग स्कूलमध्ये शिकणारं किंवा शिकवणारं कुणी इथे असेल तर त्यांनी जरूर लिहा, दिवसाला किती सर्किट होतात, उन्हाळ्यात किती तास उडणं बंद ठेवावं लागतं, मला खरंच हवंय ते.

ता. क. : कृपया कमेंटमध्ये १८९५, गिरगाव चौपाटी आणि तळपदे आणू नका. ज्या वैमानिक शास्त्राचा त्यासाठी हवाला दिला जातो, त्यातल्या आराखड्यांची तपासणी बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या लोकांनी १९७४ मध्येच केलेली आहे. त्यातलं एकही उडण्यालायक नव्हतं.